लोहाराची वाट, सोनाराचे पाणी

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा, आम्ही कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलू, अशी होती. आम्ही विषय कळविला तो 'रानातली एक रविवारची फेरी' असा. चिटणीसांनी दूरध्वनी करून दोनदा खात्री करून घेतली. सभागृहातही पहिली काही मिनिटे श्रोते, हे गृहस्थ वाट चुकून आले की काय, अशा नजरेने आमच्याकडे पाहत होते. त्या भाषणाचेच हे सावरून लिहिलेले रूप आहे. बोलताना जे ओघात निसटले ते येथे थोडे विस्ताराने मांडले आहे, आणि टाळ्यांसाठी म्हटलेली दोन-तीन वाक्ये गाळली आहेत.

आमच्या भागात मानपाडे दोन आहेत. एक डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर. दुसरा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर. नवख्या माणसाने 'मानपाडा' एवढाच पत्ता घेऊन घराबाहेर पडू नये. आम्ही दोन्हीकडे कामगारांच्या सभा घेतल्या आहेत, आणि एका मान्यवर वक्त्याला चुकीच्या मानपाड्यात दीड तास ताटकळत बसविण्याचे पातक आमच्या नावावर आहे. येथे ज्याविषयी लिहावयाचे आहे तो ठाण्याचा मानपाडा. तेथे हमरस्ता सोडून डोंगराकडे वळले की इमारती हळूहळू मागे पडतात, वनखात्याची चौकी लागते, आणि चौकीपलीकडे रान सुरू होते. हे रान म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पुष्कळांना हे उद्यान बोरिवलीचे वाटते; परंतु त्याच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी अर्ध्याहून अधिक भाग ठाण्याकडे आहे.

मार्चमधल्या एका रविवारी वागळे इस्टेटमधील काही कारखान्यांतले कामगार, त्यांच्या बायका, मुले, एक निवृत्त फिटर आणि आम्ही अशी तीसेक मंडळी त्या चौकीतून आत शिरलो. पळस ओसरत आला होता. पांगाऱ्यावर मैनांचे भांडण चालले होते. ओढा आटून डबक्याडबक्यांनी उरला होता. शंभर-दोनशे पावले गेल्यावर घोडबंदर रस्त्यावरच्या मालमोटारींचा आवाज कमी कमी होत थांबला, आणि आमच्यातले सर्वांत बोलके गृहस्थसुद्धा आपोआप हळू आवाजात बोलू लागले. ज्याच्या कानांत आठ-आठ तास प्रेस मशीन घणघणते त्याला असे मुकाट रान काय वाटत असेल, हे त्यालाच विचारावे. एक जण म्हणाला, "दादा, कान मोकळे झाले." याहून चांगले वर्णन आम्हांला करता येणार नाही.

एका मुलीने मात्र आम्हांला पेचात टाकले. आम्ही मंडळींना 'तळ्यांच्या रानात नेतो' असे सांगून आणले होते. तासभर चालल्यावर ती म्हणाली, "काका, तळं कुठंय?" तिचा प्रश्न रास्त होता. तळी डोंगराच्या पलीकडे आहेत, विहार आणि तुळशी. धारेच्या अलीकडे पडलेला पाऊस आपल्या ओढ्यांनी खाडीला जातो; पलीकडे पडलेल्यातला पुष्कळसा त्या दोन तळ्यांत थांबतो. आणि तुळशीच्या काठी तर तुम्हा-आम्हांला सहसा जाऊच देत नाहीत, कारण ते पिण्याचे पाणी आहे. म्हणजे आपण ज्या तळ्यांमुळे या रानात फिरतो, ती तळी येथून दिसतही नाहीत. 'ज्या तळ्यांमुळे' हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले आहेत. त्याचा उलगडा पुढे होईल.

थकून सगळे ऐनाच्या झाडाखाली बसले. डबे उघडले. तेव्हा निवृत्त फिटर, ज्यांनी उभा जन्म यंत्रे उघडून कोणता भाग कोणी कसा बसविला हे पाहण्यात घालविला, ते सहज म्हणाले, "दादा, ही सगळी सोय केली कोणी? रान, वाट, पाणी?" आम्ही तेव्हा 'सरकारने' असे काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी आल्यावर त्याची लाज वाटली. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे आम्ही जुने ऋणी आहोत. १८९३ साली निघालेल्या या संस्थेने आमच्यासारख्या, शाळा अर्धवट सुटलेल्या किती माणसांना शिकविले असेल, त्याची मोजदाद नाही. तेथे आणि इतरत्र पुढचे काही महिने त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. जे हाती लागले ते असे.

फिटरसाहेबांनी विचारले नव्हते, पण आधी रविवारचेच पाहू. आम्ही रानात गेलो तो दिवस आमचा कसा झाला? मुंबईच्या गिरणीत पूर्वी कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सूर्य उगवला की भोंगा, मावळला की सुटका. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात जन्मलेले गृहस्थ. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक, आणि १८८४ साली उभ्या राहिलेल्या मुंबईच्या गिरणी कामगार संघाचे संस्थापक. त्या वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी दिला, त्यात रविवारची सुटी ही पहिली मागणी होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि जखमी कामगाराला भरपाई याही मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे वारले. ठाण्याचा माणूस रविवारी सकाळी फिरावयास निघतो तेव्हा तो एका ठाणेकरानेच मिळवून दिलेल्या दिवसात फिरत असतो. शाळेत हे आम्हांला कोणी शिकविले नाही. ते पुष्कळ उशिरा, चळवळीत आल्यावर कळले.

आता वाट. आमची मानपाड्याची पायवाट वनखात्याची, अलीकडची. परंतु याच डोंगरात, ठाण्याहून पश्चिमेला काही कोसांवर कान्हेरीची लेणी आहेत. कृष्णगिरी या नावाचे झिजून 'कान्हेरी' झाले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. शंभराहून अधिक लेणी, चैत्यगृह, भोजनाचे बाक, एवढेच नव्हे तर दोन टेकड्यांमधल्या घळीत बांध घालून पाणी अडविल्याच्या खुणा आजही दिसतात. सहलीला जाणारा माणूस थोरल्या चैत्यगृहापुढची उंच बुद्धमूर्ती पाहतो आणि परत फिरतो. आमची त्याला विनंती आहे की त्याने प्रत्येक लेण्याच्या ओसरीजवळ खाली वाकून पाहावे. तेथे खडकात चौकोनी तोंडाची टाकी खोदलेली आढळतात. जुन्या लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. लेण्यांच्या अभ्यासकांत तो शब्द अजून चालतो.

ही पोढी हे फार शहाणपणाचे काम आहे. डोंगराच्या उतारावर खडकात बारीक पन्हाळी कोरायच्या, त्या लेण्याच्या माथ्यावरून फिरवून टाक्याच्या तोंडाशी आणावयाच्या. पावसाचे पाणी कोणाच्याही मदतीशिवाय आत उतरते. तोंड लहान, पोट खडकाखाली लांबवर गेलेले, त्यामुळे वर ऊन पडत नाही आणि पाणी उडून जात नाही. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, हे कोकणाचे जुने दुखणे. त्यावर प्रत्येक खोलीला तिचे स्वतःचे टाके, हा उपाय त्या लोकांनी केला. तळी, नळ, पंप यांच्या कितीतरी आधीची ही पाणीपुरवठा योजना आहे आणि काही टाक्यांत अजून पाणी असते.

ती कोणी केली? येथे मात्र आम्हांला खरा आनंद झाला. ब्राह्मी लिपी आम्हांला वाचता येत नाही. विद्वानांनी ती वाचून, अर्थ लावून छापून ठेवली आहे, त्यावरून सांगतो. कान्हेरीला दान देणारे लोक कल्याण, सोपारा, चौल, नाशिक, पैठण अशा ठिकाणचे. त्यांत व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्षुणी आहेत. एका लेखात कल्याणचा एक सोनार आहे. स्वामिदत्त त्याचे नाव, आणि त्याने दिले आहे पाण्याचे टाके. आणि दुसऱ्या एका लेखात कल्याणचाच एक लोहार आहे. नंद त्याचे नाव, आणि त्याने दिली आहे ती वाट. लेणे नव्हे, मूर्ती नव्हे. पायाखालची वाट!

सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा कल्याणचा एक लोहार. भात्यापुढे बसून त्याने नांगराचे फाळ केले असतील, टाकीवाल्यांच्या छिन्न्यांना धार लावून दिली असेल. त्याच्याजवळ शिलकीत पडले तेवढ्यातून त्याने डोंगर चढणाऱ्यांच्या पायांसाठी वाट करविली, आणि त्याचे नाव, गाव व धंदा ही तिन्ही खडकावर कोरली गेली. सातवाहन राजांच्या नावांशेजारी लोहाराचे नाव! आमच्या कामगार बंधूंना आम्ही हे सांगितले तेव्हा एक वेल्डर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे मस्टर दगडावर होतं." आम्ही त्याची चूक काढली, दान देणाऱ्याचे नाव आणि राबणाऱ्याचे नाव ही एक नव्हेत, छिन्नी चालविणाऱ्या पाथरवटाचे नाव या लेखात नाही. पण त्याचे म्हणणे आमच्या डोक्यातून गेले नाही. निदान तेथे हाताने काम करणाऱ्या माणसाला नाव होते.

कान्हेरीचे भिक्षू गेले, रान माजले, सोळाशे-सतराशे वर्षे उलटली. आता विहार.

साष्टी बेटावरच्या या खोऱ्यात पाणी अडविण्याचा विचार मुंबईच्या तहानेतून निघाला. शहर वाढत होते, पाणी होते ते विहिरींचे आणि तळ्यांचे, आणि उन्हाळ्यात तेही सरे. १८४५ साली या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. पुढच्या दशकात तर आगगाडीने आणि पडावांतून शहरात पाणी आणण्याची पाळी आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. तिने माणसांइतकेच तातडीने पाणीही वाहिले, हे सांगावयाचे विसरतो. अखेर मिठी नदीच्या उगमाकडचे खोरे निवडले गेले. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी लोखंडी नळांतून मुंबईत पोचले. शहराला नळाने पाणी देणारी ही आपल्या देशातली पहिली मोठी नागरी योजना. आराखडा हेन्री कॉनिबेअर याचा. कुलाब्याच्या ज्या चर्चला लोक अफगाण चर्च म्हणतात, त्याचाही आराखडा याचाच. गृहस्थ कर्तबगार होता, आणि त्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. तळ्याला नाव मिळाले ते विहार गावाचे.

विहारला एक नव्हे तर तीन बांध घालावे लागले, तिन्ही मातीचे. थोरल्याची उंची सुमारे ८४ फूट, म्हणजे आजच्या आठ मजली इमारतीएवढी. मातीचा बांध हे काय प्रकरण असते, ते ज्याने पाहिले नाही त्याला कल्पना येणे कठीण. नुसती माती टाकून भागत नाही. पाणी झिरपते आणि बांध एका रात्रीत वाहून जातो. म्हणून बांधाच्या पोटात चिकणमातीची एक भिंत असावी लागते. ती माती भिजवायची, तुडवायची, थरावर थर द्यावयाचा, प्रत्येक थर दाबून घट्ट करावयाचा. त्या काळी हे कशाने होई? कुदळ, फावडे, पाटी आणि पाय. माणूस खणतो, बाई पाटी उचलून डोक्यावर घेते, चढण चढते, रिकामी करून परत येते. ८४ फूट उंचीचा बांध म्हणजे अशा पाट्यांची रास. पहिली पाटी टाकणाऱ्या आणि शेवटची पाटी टाकणाऱ्या बाईमध्ये चार पावसाळे गेले.

त्यांची नावे विहारच्या इतिहासात येत नाहीत. कॉनिबेअर येतो, गव्हर्नर येतो, खर्चाचे आकडे येतात, नळाचा व्यास येतो. आमचा अनुभव असा की मजूर कागदावर येतो तो बहुधा त्याने दंगा केल्यावर. त्याच काळात, १८५६ पासूनच, भोर घाटातून आगगाडीचा मार्ग खोदला जात होता. तेथे एका वेळी चाळीस हजारांवर माणसे राबत होती, आणि तीही आपल्याला ठळकपणे भेटतात ती १८५९ साली, मजुरी थकल्यामुळे चिडून उठल्यावर. ज्याने चार वर्षे निमूट पाटी वाहिली त्याची नोंद घेण्याचे कारण कोणाला पडले नाही. लोहार नंदाला अठराशे वर्षांनी आपण नावाने हाक मारू शकतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या विहारच्या पाटीवालीला नाही. प्रगती झाली ती कोणत्या बाजूने, हे श्रोत्यांनीच ठरवावे, असे आम्ही सभेत म्हटले तेव्हा मागच्या रांगेतून एका आजोबांनी "दोन्ही बाजूंनी!" असे मोठ्याने उत्तर दिले. त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. नळाचे पाणी नसते तर मुंबईच्या चाळींत पटकीने किती माणसे मेली असती, याचा विचार आम्हीही केला आहे.

विहार पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी, मग घाईघाईने १८९१ च्या सुमारास पवई. पवईचे पाणी चांगले न निघाल्याने ते पिण्यासाठी लवकरच सोडून द्यावे लागले. घाईची कामे तेव्हाही अशीच होत, याचे आम्हांला थोडे समाधान वाटले.

आणि येथेच फिटरसाहेबांच्या 'रान कोणी केले?' या प्रश्नाचे उत्तर आहे. पिण्याचे पाणी शुद्ध राहावे म्हणून तळ्याभोवतालचा, ज्यावर पडलेला पाऊस तळ्यात उतरतो तो सारा उतार मोकळा ठेवावा लागतो. वस्ती नको, शेती नको, गुरे नकोत. मुंबई उत्तरेकडे सरकत आली, अंधेरी भरली, बोरिवली भरली, मुलुंड भरले, इकडून ठाणे डोंगराला भिडले. मध्ये ही तळी आणि त्यांचा राखलेला उतार तेवढा शिल्लक राहिला. त्याच गाभ्याभोवती पुढे राष्ट्रीय उद्यान वाढले. बिबळ्या या महानगरात आजवर टिकला तो मुंबईकर प्राणिप्रेमी होते म्हणून नव्हे, मुंबईकर तहानेले होते म्हणून. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. रानाची शांतता आपोआप उगवलेली नाही. ती करविली गेली, राखली गेली, आणि तिच्यासाठी कोणाला तरी तेथून उठावे लागले.

उठावे लागलेल्यांविषयी बोलणे सहलीच्या गप्पांत बसत नाही, हे आम्ही जाणून आहोत. परंतु येऊरच्या बाजूला वारली व इतर आदिवासींचे पाडे अजून आहेत, आणि 'मानपाडा' या नावातला पाडाही तोच. या रानाशी त्यांचे नाते आपल्या तिकिटाच्या कितीतरी आधीचे आहे. १९९५ साली पर्यावरणवाद्यांनी उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, १९९७ च्या मे महिन्यात ती हटविण्याचा आदेश झाला, आणि पुढे हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. त्यांत राहणारी पुष्कळ माणसे मोलमजुरी करणारी, आमच्याच वर्गातली होती. काहींना चांदिवलीला घरे मिळाली. रान वाचले पाहिजे, यावर आमचा वाद नाही. रान वाचल्याचा आनंद आम्ही त्या रविवारी पोटभर घेतला. आमचे म्हणणे एवढेच की त्या आनंदाचे बिल ज्यांनी भरले त्यांची निदान आठवण असावी.

मुंबईत दोन बागा अशा आहेत की ज्यांच्या पोटात पाण्याचे साठे आहेत. मलबार हिलची फिरोजशहा मेहता उद्यानाची हिरवळ, जिला लोक हँगिंग गार्डन म्हणतात, ती तुळशीच्या पाण्याच्या साठ्यावर पसरलेली आहे. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरच्या साठ्यात विहारचे पाणी येई. त्याच्यावरच्या बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव आहे. काका बॅप्टिस्टा माझगावचेच. टिळकांचे सहकारी, १९२० साली निघालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक, पुढे मुंबईचे महापौर. पाण्यावर बाग आणि बागेवर कामगार पुढाऱ्याचे नाव, हा योगायोग आम्हांला आवडतो. त्या बागेत बसणाऱ्या जोडप्यांना बॅप्टिस्टा कोण हे ठाऊक नसते. त्यात त्यांचा दोष नाही.

कामगार चळवळीचे आणि पाण्याचे नाते आणखी एका ठिकाणी जुळते. १९०९ साली कामगार हितवर्धक सभा काढणारे सीताराम केशव बोले हेच १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव घेऊन उभे राहिले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. तो कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तेही तळे आज शांत आहे, काठाने फिरता येते. परंतु महाडच्या तळ्याकाठी गेलेला माणूस, ही शांतता कोणी मिळवून दिली, हे विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. विहारच्या, तानसाच्या काठी तो प्रश्न कोणी विचारीत नाही.

तानसाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १८९२ मध्ये तानसाचे धरण झाले तेव्हा मुंबईची तहान साष्टी ओलांडून आपल्या ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात पोचली. जवळजवळ दोन मैल लांबीची दगडी भिंत, तेथून मुंबईपर्यंत नळ. मग १९५७ च्या सुमारास वैतरणेवर मोडकसागर, पुढे वरची वैतरणा, भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज मुंबईला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते आणि त्यात विहार-तुळशीचा वाटा जेमतेम शंभरेक दशलक्ष लिटरांचा. बाकी सारे लांबून येते. तानसाभोवतीही आता अभयारण्य आहे. तेथेही लोक पक्षी पाहावयास जातात, आणि तेथेही फार शांत वाटते. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी ही अवस्था. डोंबिवलीच्या मानपाड्याकडच्या कारखान्यांना पाणी येते ते बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे. त्यासाठीही आदिवासींची गावे बुडाली. म्हणजे दोन्ही मानपाड्यांची कहाणी अखेर एकाच ठिकाणी येऊन पोचते, आणि आमच्या त्या ताटकळलेल्या वक्त्याने हे ऐकले तर त्याचा राग थोडा शांत होईल.

परतताना चौकीबाहेर एक वारली बाई पळसाच्या पानांवर रानमेव्याचे वाटे मांडून बसली होती. मघाच्या मुलीने तिलाही विचारले, "आजी, तळं पाहिलंय तुम्ही?" बाई हसली. म्हणाली, "पायलं ना बाय. लहानपनी बापाबरोबर जायची. आता पुढं जाव देत नाय." आणि तिने मुलीच्या ओंजळीत वाट्यावर मूठभर जास्त घातले.

याच मानपाड्यात, टिकुजिनीवाडीजवळ, आता आणखी एक वाट होते आहे. ठाण्याहून बोरिवलीस डोंगराच्या पोटातून जाणारे जुळे बोगदे, सुमारे पावणेबारा किलोमीटरचा मार्ग. २०२४ च्या जुलैत त्याचे भूमिपूजन झाले. ज्या डोंगरात नंद लोहाराने वाट दिली, ज्याच्या पलीकडे विहारचे बांध पडले, त्याच डोंगराच्या खालून हा रस्ता जाणार आहे. तो झाल्यावर त्याला मोठे नाव मिळेल, कोनशिला बसेल, तिच्यावर पुढाऱ्यांची नावे असतील. त्या भागात हल्ली संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर हेल्मेट काखेत धरलेली परप्रांतीय मुले उभी दिसतात. झारखंडची, ओडिशाची, बिहारची.

रविवारच्या फेरीनंतर पंधरा दिवसांनी आम्ही त्या बाजूला एका कामासाठी गेलो होतो. टपरीवर चहा घेताना शेजारच्या मुलांशी बोलणे निघाले. कोठले, किती दिवस झाले, जेवण कोठे घेता, असे नेहमीचे प्रश्न. मग खिशातली वही काढून आम्ही त्यांची नावे विचारली. युनियनची वर्गणी मागतात की काय, म्हणून दोघे-तिघे आधी मागे सरले. तसे काही नाही म्हटल्यावर एकेकाने नाव सांगितले, गाव सांगितले, काय काम करतो ते सांगितले. अकरा जणांची नावे आम्ही लिहिली. त्यांतल्या एकाने वही हातात घेतली, ओळीवर बोट ठेवून आपले नाव वाचले, आमच्या हातातले पेन मागून घेतले आणि त्यातला एक चुकलेला काना दुरुस्त केला.